घेतले ते पुढे द्यावे

गेल्या सत्रात व्याकरणाच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'मी जेवून बस सुटली.' वर्ग हसला. सर म्हणाले, "हसलात ना? मग चूक कोठे आहे तेही सांगा." कोणालाच नेमके सांगता येईना. शब्द सगळे मराठी, लिंग-वचन बरोबर, क्रियापदही जागेवर. तरी वाक्य कानाला खटकते. मग सरांनी उलगडून सांगितले. 'उठून', 'जेवून', 'लिहून' ही पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यये. ती एकापुढे एक कितीही मांडा. 'तो उठून, अंघोळ करून, भाकरी खाऊन, सायकल काढून कॉलेजला आला.' वाक्य लांबते, पण मोडत नाही, कारण उठणारा, खाणारा आणि येणारा एकच आहे. प्रत्येक क्रिया आपले काम करते आणि कर्ता जसाच्या तसा पुढच्या क्रियेच्या हाती देते. मध्येच तो गाळला की पुढच्या क्रियापदाला धरायला काही उरत नाही.

त्या तासाला मी हसलो नाही. पंधराच दिवसांपूर्वी नेमकी हीच चूक मी केली होती. फरक इतकाच, की ती मराठीत नव्हती, जावास्क्रिप्टमध्ये होती. आणि त्या चुकीबद्दलची बोलणी माझ्या मित्राने खाल्ली होती.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. संगणकाचे संगणकवाल्यांनी पाहावे, हा विचार आपल्याकडे रुजलेला आहे. परंतु एकाने लिहिलेले दुसऱ्याने वापरायचे, आणि तेही लिहिणाऱ्याला न विचारता, अशी वेळ आली की प्रश्न भाषेचा आणि रीतीभातीचा होतो. हे दोन्ही विषय आपले आहेत. म्हणून हा लेख.

प्रथम घडले ते सांगतो. एका कार्यक्रमाच्या वेळापत्रकाचे वेबपान आम्ही दोघे-तिघे मिळून करीत होतो. संपलेले कार्यक्रम यादीत करड्या रंगाने दिसावेत, एवढे छोटे काम माझ्याकडे होते. आम्ही जेक्वेरी ही लायब्ररी वापरत होतो. मी तिच्यासाठी एक प्लगिन लिहिले, त्याला 'रंगव' असे नाव दिले, चालवून पाहिले. यादी करडी झाली. मी खूश झालो. मित्राने ते आपल्या ओळीत घातले : आधी यादी निवड, मग 'रंगव', मग 'हाइड', म्हणजे लपव. कार्यक्रमाच्या सकाळी पान उघडले तर यादी करडी झाली, पण लपली नाही. आणि त्याच फंक्शनमध्ये पुढे जे जे लिहिले होते, ते सारे बंद पडले. ब्राउझरने लाल अक्षरात दोष दाखवला. त्याचा अर्थ असा, की 'अनडिफाइन्ड'चा 'हाइड' हा गुणधर्म वाचता येत नाही. ज्यांना यातले थोडेफार कळत होते त्यांनी वाचले, 'हाइड'मध्ये बिघाड आहे. 'हाइड'ची ओळ कोणाची? मित्राची. मग त्याला सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागले.

त्या रात्री मी माझे प्लगिन पुन्हा वाचले आणि चूक माझी आहे हे कळले. सांगायला मात्र मला दोन दिवस लागले. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. संगणक हाताला लागला तोही याच मित्राच्या लॅपटॉपवर. 'झेपत नव्हते तर घेतले कशाला?' हे वाक्य कोणी उच्चारण्यापूर्वीच मला ऐकू येत होते. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही, आणि माझे आजचे मत त्यांतूनच तयार झाले आहे.

आता यंत्रणा थोडी समजावून घेऊ. जॉन रेसिग या तरुणाने जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे जेक्वेरी प्रथम लोकांपुढे मांडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची १.० ही आवृत्ती निघाली. तिची युक्ती अशी : डॉलरच्या चिन्हापुढे तुम्ही पानावरचे घटक निवडता, ते घटक एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एका गाठोड्यात, बांधून मिळतात, त्या गाठोड्यावर टिंब देऊन एक मेथड चालवली, की ती काम करते आणि तेच गाठोडे परत देते. म्हणून लगेच पुढचे टिंब देता येते. निवड, रंगव, सरकव, लपव : एकच वाक्य, एकच कर्ता. इंग्रजीत याला चेनिंग म्हणतात. आपल्या 'ऊन'कारान्त वाक्याची आणि या साखळीची जात एकच आहे.

ही पद्धत जेक्वेरीने शून्यातून काढलेली नाही. स्मॉलटॉक-८० या जुन्या भाषेत एकाच ऑब्जेक्टला अर्धविराम देऊन एकामागून एक आज्ञा देता येत. २००५ मध्ये मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स यांनी अशा वाहत्या रचनेला 'फ्लुएंट इंटरफेस' असे नाव दिले. स्मॉलटॉकची एक गोष्ट मला फार आवडते. तेथे मेथडने काय परत द्यायचे हे लिहिणारा विसरला, तर तो ऑब्जेक्ट स्वतःच परत येतो. जावास्क्रिप्टमध्ये विसरलात तर 'अनडिफाइन्ड' परत येते, म्हणजे हाती काहीच नाही. एका भाषेत विसराळू माणसाकडून साखळी टिकते, दुसरीत तुटते. भाषेने दिले नाही ते लिहिणाऱ्याने द्यायचे, हे मग ओघानेच आले.

जेक्वेरीत कोणालाही आपली मेथड घालता येते. तिच्या 'एफएन' नावाच्या ठिकाणी आपले फंक्शन ठेवले, की ते प्रत्येक गाठोड्याला उपलब्ध होते. हेच प्लगिन. एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहिलेली मेथड आणि लायब्ररीच्या मूळ कर्त्याने लिहिलेली मेथड वापरणाऱ्याला एकाच रांगेत दिसतात. मला हा मोठा मान वाटतो. पण मानासोबत जबाबदारी येते. वापरणारा रांगेतल्या इतरांवर विसंबतो तसाच तुमच्यावरही विसंबणार. 'रंगव' परक्याचे आहे, त्याच्यापुढे टिंब देऊ नये, असे त्याच्या मनातही येणार नाही.

मग माझी चूक कोणती? 'रिटर्न धिस' ही ओळ मी लिहिली होती. ती लिहायला हवी हे मला ठाऊक होते. पण लिहिली चुकीच्या जागी. 'धिस' हे सर्वनाम आहे, आणि सर्वनाम कोणाबद्दल आले ते जागेवरून ठरते, हे आपण पाचवीपासून शिकतो. प्लगिनच्या मुख्य फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे सबंध गाठोडे. गाठोड्यातल्या एकेका घटकाला हात लावायचा तर 'ईच' ही मेथड वापरतात. तिला दिलेल्या आतल्या फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे त्या वेळी हातात असलेला एकटा घटक. माझी परतीची ओळ आत होती. बाहेरचे फंक्शन रिकाम्या हाताने परतत होते. खरे तर 'ईच' स्वतःच सबंध गाठोडे परत देते. तेव्हा 'रिटर्न धिस-टिंब-ईच' असे बाहेर लिहिले की काम झाले. जाणते लोक तसेच लिहितात.

तरी एक प्रश्न उरतो. मी चालवून पाहिले होते, मग चूक दिसली का नाही? उत्तर साधे आहे. मी एकट्याने चालवले तेव्हा 'रंगव' ही रांगेतली शेवटची मेथड होती. माझ्यापुढे कोणी नव्हते. ज्याच्यापुढे कोणी नाही त्याने काही परत दिले काय अन् न दिले काय, बिघडत नाही. बिघडते ते पुढे दुसरा माणूस येऊन उभा राहतो तेव्हा. आणि यंत्र दोष दाखवते तो त्याच्या नावावर! या प्रकारच्या चुकीतला अन्याय हा आहे. हात रिकामा केला मी, आणि यंत्राने नाव घेतले 'हाइड'चे. म्हणून माझे पहिले मत : प्लगिनची परीक्षा कधीही त्याला शेवटी ठेवून करू नये. त्याच्यापुढे आणखी एक मेथड जोडावी आणि मग पाहावे.

येथवर कोणी फारसा वाद घालणार नाही. वाद पुढे आहे. 'नेहमी तेच गाठोडे परत द्या' हा नियम डोळे मिटून पाळावा का? मला तसे वाटत नाही. सरांनी त्याच तासाला एक अपवाद सांगितला होता : 'लग्न होऊन दहा वर्षे झाली.' येथे कर्ता बदलला, तरी वाक्य शुद्ध आहे, कारण ते वाक्य काळ मोजते आहे. मोजमाप मागितले की उत्तर मोजमापाचेच यायला हवे. जेक्वेरीतही 'हाइट' विचारले तर आकडा येतो, 'टेक्स्ट' विचारले तर मजकूर येतो. तेथे साखळी संपते, आणि ती संपलीच पाहिजे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता पुन्हा गाठोडेच हातात देणारी मेथड म्हणजे नाव विचारल्यावर नुसता नमस्कार करणारा माणूस.

बर्ट्रंड मेयर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात आज्ञा आणि प्रश्न वेगळे ठेवण्याचे तत्त्व मांडले. आज्ञेने स्थिती बदलावी, प्रश्नाने उत्तर द्यावे. एकाच मेथडने दोन्ही करू नये. काटेकोरपणे पाहिले तर साखळीची मेथड या तत्त्वात बसत नाही, कारण ती बदलही करते आणि काहीतरी परतही देते. पण ती परत देते ते उत्तर नव्हे, जे मिळाले तेच पुढे केलेले असते. म्हणून त्या तत्त्वाचा गाभा तिने मोडला असे मी मानत नाही. माझा आक्षेप आहे तो एकाच नावाने दोन्ही कामे करण्याला. 'टेक्स्ट' रिकामे म्हटले तर प्रश्न, कंसात काही घातले तर आज्ञा. पहिल्याने साखळी तुटते, दुसऱ्याने चालू राहते. थोडक्यात लिहिता येते खरे, पण नवशिक्याला हे पाठ करावे लागते. आपल्या छोट्या प्लगिनमध्ये ही काटकसर करू नये. आज्ञेचे नाव वेगळे ठेवावे, प्रश्नाचे वेगळे.

या बाबतीत जेक्वेरी यूआयमधील विजेट फॅक्टरीची तऱ्हा शिकण्यासारखी आहे. तेथे विजेटच्या मेथडने काहीच परत दिले नाही, तर फॅक्टरी स्वतःहून गाठोडे परत देते आणि साखळी चालू राहते. काही किंमत परत दिली, तर ती किंमत पुढे जाते. म्हणजे स्मॉलटॉकचा उदारपणा येथे लायब्ररीनेच पुरवला. विसराळू नवशिक्याची चूक पुढच्या माणसाला लागू नये याची काळजी थोरल्याने घेतली. थोरलेपण यालाच म्हणावे.

दुसरी अडचण कर्ता मुद्दाम बदलण्याची. 'फाइंड' किंवा 'फिल्टर' म्हटले की हातातले गाठोडे बदलते. पण जेक्वेरी जुने गाठोडे टाकून देत नाही. नव्याच्या आत त्याची खूण जपते, आणि 'एंड' म्हटले की मागच्यावर परत नेते. प्लगिन लिहिणाऱ्यालाही 'पुशस्टॅक' वापरून ही परतीची वाट ठेवता येते. माझे म्हणणे इतकेच, की कर्ता बदलायचा असेल तर मेथडच्या नावातून ते कळावे आणि परतीची वाट असावी. चित्रांना चौकट घालणाऱ्या प्लगिनने गुपचूप चौकट परत दिली, तर पुढे 'लपव' म्हणणाऱ्याची चित्रे राहतील बाजूला आणि सबंध चौकटच नाहीशी होईल. यात दोषाचे लाल अक्षरही उमटणार नाही. रिकाम्या हातापेक्षा दुसऱ्याचेच गाठोडे हातात देणे अधिक वाईट.

माइक बोस्टॉक यांच्या २०११ साली आलेल्या डी३ या लायब्ररीत हा धोका ओळखलेला दिसतो. तेथे 'अपेंड' नवा घटक जोडते आणि त्या नव्या घटकाचीच निवड परत देते. ते नजरेत भरावे म्हणून बोस्टॉक यांनी लिहिण्याची एक रीत पाळली : कर्ता तोच राहत असेल तर ओळ चार जागा आत, बदलत असेल तर दोनच जागा आत. यंत्राला या मोकळ्या जागांशी काही देणेघेणे नाही. ती खूण फक्त वाचणाऱ्या माणसासाठी आहे. आपण पद्यात चरण पाडून लिहितो तेही वाचणाऱ्यासाठीच.

तिसरी अडचण काळाची. साखळी वाचताना वाटते, एक काम संपून दुसरे सुरू होते. 'फेडआउट' आणि पुढे 'सीएसएस' असे लिहिले, तर घटक विरून गेल्यावर रंग बदलेल असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. विरण्याचे काम रांगेत लागते आणि नेहमीच्या वेगाने ४०० मिलिसेकंद चालते. रंग मात्र त्याच क्षणी बदलतो. २०१० च्या १.४ आवृत्तीत आलेली 'डिले' मेथडही या रांगेतल्या कामांनाच थांबवते, इतरांना नाही. 'ऊन' प्रत्यय आधीची क्रिया पुरी झाल्याची ग्वाही देतो, टिंब देत नाही. ज्याच्या प्लगिनला वेळ लागतो त्याने आपले काम त्याच रांगेत लावावे, किंवा काम संपल्यावर काय करायचे ते सांगण्याची सोय ठेवावी. पुढच्याला अंदाज बांधायला लावू नये.

दोन आक्षेप मला ऐकवले गेले आहेत, त्यांचाही विचार करतो. पहिला असा, की जेक्वेरी आता जुनी झाली, हे शिकून काय उपयोग? लायब्ररी जुनी होईल, पण प्रश्न जुना होत नाही. आजच्या साध्या जावास्क्रिप्टमध्येही 'मॅप'पुढे 'फिल्टर' जोडता येते, 'फॉरईच'पुढे काही जोडता येत नाही. 'पुश' म्हटले तर यादी न मिळता तिची नवी लांबी मिळते. 'सॉर्ट' परत देते ती यादी नवी वाटते, प्रत्यक्षात मूळ यादीच उलटीपालटी झालेली असते. ही फसगत टाळण्यासाठी २०२३ च्या प्रमाण आवृत्तीत 'टूसॉर्टेड' ही वेगळी मेथड आणावी लागली. परत काय द्यायचे, हा प्रश्न भाषा घडवणाऱ्यांनाही सुटलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. लांबलचक साखळीत चूक शोधणे कठीण जाते. शिवाय निवड चुकून रिकामी आली, तर जेक्वेरी मुकाट्याने काहीच न करता पुढे जाते. हे खरे आहे. मीही तीन-चार कड्यांनंतर ओळ तोडतो आणि मधल्या गाठोड्याला नाव देतो. पण कोठे थांबायचे हे वापरणाऱ्याने ठरवावे. साखळी जोडता येईल असे प्लगिन लिहिणे म्हणजे साखळी जोडण्याची सक्ती नव्हे. अल्पविराम कोठे द्यायचा हे लेखकाने ठरवावे, शब्दकोशाने नव्हे.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. आज्ञा दिली असेल तर घेतले ते पुढे द्यावे. प्रश्न विचारला असेल तर सरळ उत्तर द्यावे. कर्ता बदलायचा असेल तर सांगून बदलावा आणि परतीची वाट ठेवावी. वेळ लागणार असेल तर रांगेत उभे राहावे. या चार गोष्टी शिकायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. त्यांसाठी आपल्यापुढे कोणीतरी उभे आहे, एवढे ध्यानात असले की पुरते.

दोन दिवसांनी मी मित्राला खरे सांगितले. तो रागावला नाही, म्हणाला, "ओळ दाखव." मी परतीची ओळ आतून उचलून बाहेर ठेवली. पान चालू लागले. मग ज्यांनी त्याला बोल लावला होता त्यांच्याकडेही मी जाऊन आलो. ते काम ओळ बदलण्यापेक्षा पुष्कळच अवघड होते.

'रंगव'ची ती फाइल अजून आमच्याकडे आहे. यंदा प्रथम वर्षातली दोन मुले ती वापरतात. तिच्या शेवटच्या ओळीवर मी मराठीत एक टीप लिहून ठेवली आहे. यंत्र ती वाचत नाही. टीप एवढीच आहे : 'ही ओळ काढू नका. पुढे कोणीतरी आहे.'

— एस. वाय. बी. ए.